क्लच जड लागतोय

"ही घे तुझी केबल," म्हणत यांनी ती दुकानाच्या काउंटरच्या काचेवर टाकली, नेमकी उदबत्तीच्या राखेत. "आणि आता कंपनीची दे."

केबल कोरी होती. अजून तिच्या काळ्या आवरणावरची छपाईसुद्धा गेली नव्हती. मी राख पुसली आणि विचारलं, "काय झालं हिला?"

"जड हाय. नांदणीवरनं इथंवर येईपर्यंत क्लच दाबून दाबून हात भरून आला."

मी आवरण डाव्या मुठीत धरलं आणि उजव्या हातानं आतली तार ओढली. सुळकन आली. सोडली, तर सुळकन आत गेली.

"हलकी आहे की."

"हातात धरून हलकीच लागणार. गाडीला लावून बघ."

"गाडीलाच तर होती आतापर्यंत."

"म्हणूनच सांगालोय," हे म्हणाले आणि हात धुवायला मागं गेले.

माझ्या दुकानातल्या मालाला माझ्याच नवऱ्यानं नाव ठेवायचा हा पहिला प्रसंग. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. काउंटरची काच दोनदा बदलली, तरी ती राखेतली केबल मला तशीच दिसते. कारण त्या दिवसापासून पुढं काही काळ मला काहीच कळेनासं झालं होतं, आणि मी अशी बाई आहे की मला न कळलेलं पचत नाही.

दुकान माझं, हे आधी सांगते. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात स्टँडसमोर घराची एक खोली रस्त्याकडं तोंड करून होती. हे दिवसभर बाहेर. मी रिकामी बसून कंटाळले आणि त्या खोलीत आधी बल्ब आणि ट्यूब, मग ब्रेकशू, मग केबली असं करत मोटरसायकलचे पार्ट ठेवू लागले. शिकवलं कुणी नाही. खोकी वाचून वाचून पार्टांची नावं पाठ झाली. दहावीत इंग्रजीनं मला आडवं केलं होतं. तीच इंग्रजी पुढं पार्टनंबरांवर शिकले. शेजारच्या रझाक मिस्त्रीच्या गॅरेजात काय कुठं बसतं ते उभी राहून बघितलं. त्याच्याच मागच्या मैदानात ट्रायल मारता मारता गाडी चालवायलाही आली. साडी नेसून मोटरसायकल चालवणारी बाई गावानं पहिल्यांदा बघितली, तेव्हा काहीजण हसले. नंतर तेच पार्ट घ्यायला आले.

आणि यांचं काम. पाहुण्यारावळ्यांत सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. दूध संघातर्फे गावोगाव फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं. लोक डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर नव्हते, पण भूपाल मगदूम म्हटलं तर कुणाला पत्ता लागला नसता आणि डॉक्टर म्हटलं की लहान मूलसुद्धा घर दाखवायचं. लांबलचक प्लॅस्टिकचा मोजा चढवून डावा हात मागून गाईच्या आत घालायचा, न बघता नुसत्या बोटांनी गर्भपिशवीचं तोंड शोधून धरायचं आणि मग उजव्या हातानं नळी सारायची. उजव्या हाताचं काम कुणीही शिकतं. सगळी करामत डाव्याची. गाय गाभण आहे की नाही हे यांची बोटं इतक्या लवकर सांगायची की गाईलाही ठाऊक नसेल, असं लोक म्हणायचे.

गाय माजावर आली की एका दिवसाच्या आत पोचावं लागतं. वेळ चुकली तर शेतकरी पुढच्या खेपेपर्यंत हात चोळत बसतो. म्हणून गाडी बंद म्हणजे डॉक्टर बंद. आणि डॉक्टर वरचेवर बंद राहिले, तर संघ ती गावं दुसऱ्या कुणाला देणार, हेही उघड होतं. हेरवाडकडचा एक नवा गडी आमच्या गावांवर डोळा ठेवून होताच.

तर अशा गाडीची क्लचची केबल तुटली. गाडीबरोबर आलेली, कंपनीची. भर दुपारी हे गाडी ढकलत आले, घामानं निथळत. रझाकनं तुटलेली केबल काढून माझ्याकडं दिली. तिचं टोक बघून मला जरा नवल वाटलं. क्लचची तार एकाएकी तुटत नाही. एकेक धागा तुटत जातो आणि टोक जुन्या केरसुणीसारखं पिंजारतं. हे टोक साफ होतं, सगळे धागे एका रेषेत. पण समोर गिऱ्हाईक होतं. मी ती केबल खालच्या खणात टाकली आणि विसरले. मी काही फेकून देत नाही, एवढंच.

कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं होतं. त्यांची केबल मागवायची तर पुण्याहून यायला वेळ. गाडी तर लगेच पाहिजे. म्हणून मी माझ्याकडची लोकल दिली. आमच्या धंद्यात कंपनीचा शिक्का नसलेल्या मालाला लोकल म्हणतात. गिऱ्हाईक रागावलं की डुप्लिकेट म्हणतं. वस्तू तीच. तालुक्यातले अर्धे दूधवाले तीच केबल वापरत होते. दुसऱ्या कुणाची तक्रार नव्हती.

पण घरच्या माणसाची होती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वरच्या फळीवरची, जरा भारीतली केबल काढली. रझाकनं प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून तिच्या तोंडाला बांधला, त्यात ऑइल ओतलं आणि ते थेंबथेंब खाली उतरेपर्यंत आम्ही चहा घेतला. मग त्यानं ती कुठंही मोड न पडता टाकीखालून फिरवली, हँडलवरच्या क्लचच्या दांड्याच्या खिट्टीला ग्रीस लावलं, आणि करंगळीनं क्लच दाबून दाखवला.

"वैनी, लोणी हाय लोणी."

मीही दाबून बघितला. दोन बोटांत येत होता. हे बाजूला उभे होते. त्यांना म्हटलं, तुम्ही बघा. तर त्यांनी खिशात हात घातला आणि म्हणाले, "चालवल्याबिगर काय कळतंय?"

संध्याकाळी परत आले आणि गाडी स्टँडवर लावत म्हणाले, "जडच हाय."

रझाकनं माझ्याकडं बघितलं. मी रझाककडं बघितलं. त्यानं क्लचप्लेटा उघडल्या, स्प्रिंगा तपासल्या, दांडासुद्धा नवा घातला. काही दोष मिळेना. नंतर तो मला हळूच म्हणाला, की वैनी, मला गाडीत काही सापडत नाही, तुमचं दोघांचं घरात काही बिनसलंय काय. मी त्याला म्हटलं, तू नटबोल्ट बघ.

पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण बिनसल्यासारखं काहीतरी होतंच. या माणसानं इतक्या वर्षांत कधी कुठल्या वस्तूला नाव ठेवलं नव्हतं, आणि आता त्यांना सगळं जगच डुप्लिकेट दिसायला लागलं होतं. शर्टाची बटणं लागत नाहीत, तर म्हणे हल्ली काजं डुप्लिकेट शिवतात. असं म्हणून त्यांनी शर्ट सोडले आणि डोक्यातून घालायचे बनियनसारखे टीशर्ट घालू लागले. लोणच्याच्या बरणीचं झाकण डुप्लिकेट. संघातून गोठवून आलेल्या रेताच्या कांड्यासुद्धा डुप्लिकेट, कारण गाई ठरत नव्हत्या. पूर्वी यांच्या हातची गाय सहसा परत फिरायची नाही, म्हणजे पुन्हा माजावर यायची नाही.

मला वाटलं, हा राग माझ्या दुकानावरचा. गावात बायको आता डॉक्टरपेक्षा जास्त ओळखीची झाली, ते लागलं असेल. पण राग म्हणावा तर रोज येताना माझ्यासाठी काही ना काही आणायचे. एकदा पेरू, एकदा ओल्या भुईमुगाच्या शेंगा. रागावलेला माणूस पेरू कशाला आणेल? मग वाटलं, नांदणीच्या वाटेवर कुणाला टाळायचं असेल. एकदा आडून आडून विचारलंसुद्धा. तर हे मनापासून हसले आणि म्हणाले, "या वयात? शेणाच्या वासाचा माणूस मी."

तेही खरं होतं.

स्टँडवर गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बाळगोंडा नावाचा दूधवाला, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, पायरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, की मगदूमबाईंच्या दुकानात डॉक्टरांनाच डुप्लिकेट, तर आमची काय कथा. एकजण ब्रेकशू परत घेऊन आला. काही झालं नव्हतं, नुसता संशय. त्या रात्री मी जेवले नाही नीट. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या व्हाइसच्या जबड्यात एक जुनं हँडल पक्कं आवळलं आणि माझ्याकडच्या क्लचच्या एकूण एक केबली त्याला लावून दाबून बघितल्या. सगळ्या बऱ्या होत्या. शेवटी बोटं माझीच दुखली. वाटलं, मला पारखच नाही की काय. खोकी वाचून शिकलेली बाई मी. खोक्यावर नसलेलं काही असेल तर मला कसं कळणार?

शेवटी मी पुण्याला फोन केला आणि कंपनीची केबल मागवली. यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं. ती येईपर्यंत मी गाडी काढत नाही. या क्लचवर मला भरवसा नाही."

आणि खरंच काढली नाही. ज्याची गाय असेल तो स्वतःची गाडी घेऊन यांना न्यायला यायचा आणि आणून सोडायचा. लोक करायचे, कारण यांच्या हाताची सवय होती, पण कुरकुरायचेही. कांड्या गार ठेवायचं नायट्रोजनचं जड भांडं ते बापडेच उचलून टाकीवर ठेवून घ्यायचे.

या सगळ्यात मला सगळ्यात न कळलेली गोष्ट निराळीच. हे रोज दुकानाच्या पायरीवर येऊन विचारायचे, "आली काय केबल?" मी म्हणायची, नाही अजून. आणि नाही म्हटलं की यांचा चेहरा उजळायचा. मी आधी म्हटलं भास असेल. मग मुद्दाम बघायला लागले. भास नव्हता. एवढी हटून मागवलेली वस्तू आली नाही म्हणून खूश होणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं.

अशात एका सकाळी ताराक्का आली. ताराक्का म्हणजे नदीकाठची एकटी बाई, एक गाय आणि त्या गाईवर सगळं घर. दुधाची किटली काउंटरवर ठेवून ती माझ्याशी भांडायलाच उभी राहिली. तिची गाय पुन्हा माजावर आली होती. म्हणजे मागचं रेतन वाया. संघाचे साहेबही सगळीकडं विचारत फिरत होते म्हणे, की मगदूमांच्या गाई का ठरेनात, दुसरा माणूस देऊ काय. मी कांड्या खराब आल्याचं सांगितलं. हे सांगतात तेच सांगितलं.

"कांड्याचं मला काय ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर डाक्टरनी या खेपंला उजवा हात घातला की वो."

"उजवा?"

"व्हय, ह्यो." तिनं स्वतःचा उजवा हात वर करून दाखवला. "एवढी वर्सं डावा घालत आल्यात. माझी गाय बी बावचळली. मागं वळून वळून बघालती."

ती गेली. मी किटलीचा ओला गोल काचेवर बघत बसले. उजवा हात. शर्टाची बटणं. बरणीचं झाकण उजव्या हातानं फिरवायचं, पण बरणी धरायची डाव्यानं. नायट्रोजनचं भांडं दुसऱ्यानं उचलायचं. मी एकेक आठवत गेले आणि प्रत्येक गोष्ट शेवटी तिथंच जायला लागली, तरी मला तिथं जायचं नव्हतं. मी खालचा खण उघडला.

जुनी केबल तशीच होती. ते साफ टोक. मी आमच्या पकडीचं तोंड त्याच्याजवळ नेलं आणि एका टाकाऊ तारेचा तुकडा तोडून बघितला. टोक हुबेहूब. मग मी जुन्या केबलचं आवरण धरून तार ओढली. इतक्या वर्षांची केबल, पण सुळकन आली आणि सुळकन गेली. ती तुटली नव्हती. कुणीतरी पकडीनं तोडली होती. आणि घरात पकड वापरणारी माणसं दोनच.

पण का? हे माझ्या डोक्यात बसेना. चांगली केबल तोडायची, भर उन्हात गाडी ढकलत आणायची, आणि मग नव्या केबलीला नावं ठेवायची. संध्याकाळी शांतपणे विचारू असं मी ठरवलं.

पण ती दुपारच तशी होती. एसटीच्या पार्सलमधून कंपनीची केबल आली, आणि ती माझ्या हातात येण्याआधी रझाकच्या हातात पडली. त्यानं गॅरेजातून हाक दिली, "आली वो डॉक्टर, ओरिजनल आली!" स्टँडवर जेवढी माणसं होती तेवढी गोळा झाली. बाळगोंडा तर चहाचा कप घेऊनच आला. मला ते खोकं काउंटरखाली ढकलायचं होतं; पण रझाकनं शिक्का सगळ्यांना दाखवून ते फोडलंसुद्धा.

हे घरातून बाहेर आले. टीशर्ट अंगात. चेहऱ्यावर हसू होतं, पण मला ते ओळखीचं वाटलं नाही.

रझाकनं मन लावून केबल बसवली. ऑइल, ग्रीस, सगळं. क्लच मात्र करंगळीनं दाबून दाखवला नाही, डॉक्टरांनीच बघावं म्हणून. "बसा, डॉक्टर."

हे गाडीवर बसले. आता खिशात हात घालायला जागा नव्हती. डाव्या हाताची बोटं त्यांनी क्लचच्या दांड्यावर ठेवली. मी दुकानाच्या पायरीवरून नुसता हातच बघत होते. पहिली दोन बोटं वळली. शेवटची दोन तशीच वर राहिली, बशी धरल्यासारखी. अंगठ्याच्या मुळाशी जिथं मांस असतं तिथं खळगा पडला होता. एवढ्या दिवसांत रोज ताट वाढताना मला तो दिसला नव्हता. दांडा थोडा हलला आणि तिथंच थांबला. यांच्या मानेची शीर ताठ झाली. त्यांनी पुन्हा दाबला. दांडा पुन्हा तेवढाच हलला.

बाळगोंडानं चहाचा घोट घेतला तो सुद्धा ऐकू आला.

"काय डॉक्टर?" त्यानं विचारलं. "आता तरी हलका लागतोय का न्हाई?"

हे दांड्याकडं बघत राहिले. त्यांनी वर बघितलं असतं तर समोर मीच होते, म्हणून बघितलं नसावं. "ही बी..." एवढंच म्हणाले.

मी पायरी उतरले. "उतरा तुम्ही," मी म्हटलं. "डुप्लिकेट आहे ती."

रझाक उठून उभा राहिला. "वैनी, खोक्यावर शिक्का हाय की. तुमच्यासमोर फोडलंय."

"शिक्के पण छापतात आजकाल. मला फसवलं पुण्यावाल्यानं. उतरव, परत पाठवायची आहे."

"अवो, पण मी लावताना..."

"उतरव म्हटलं ना."

लोक हसले. बाळगोंडा सगळ्यांत मोठ्यानं. आता मगदूमबाईंनाच कुणीतरी टोपी घातली, असं तो पुढं कितीतरी दिवस स्टँडवर सांगत होता, आणि मी ते त्याला सांगू दिलं. हे गाडीवरून उतरले आणि कुणाकडं न बघता घरात गेले. रझाक खाली वाकला. त्यानं नटाला पाना लावला, जरा थांबला, मग स्वतःच्या डाव्या हातानं एकदा क्लच दाबून बघितला. पुन्हा दाबला. मान वर न करताच त्यानं मला विचारलं, "कुठली लावू मग?"

"आधीचीच. माझी."

त्यानं तीच लावली. आणि त्यानंतर माझ्यासमोर त्यानं कुठलाही क्लच करंगळीनं दाबून दाखवला नाही.

दिवेलागणीला मी दुकान लवकर ओढून घरात गेले. हे खाटेवर बसले होते. डावा हात मांडीवर, उताणा, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. मी जुनी केबल त्यांच्याशेजारी ठेवली.

"मला वाटलं टाकली असशील," हे म्हणाले.

"मी कधी काय टाकलंय?"

ते थोडं हसले. मी तारेचं ते साफ टोक त्यांच्याकडं वळवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. आधी करंगळीला मुंग्या यायच्या. मग क्लच जड लागायला लागला. मला खरंच केबल वाटली, त्रिशला. गाडी जुनी, केबल जुनी. कुणालाबी तेच वाटंल."

"मग सांगायचं, नवी घाल म्हणून. तोडायची कशाला?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

माझा हात आपोआप त्या तारेकडं गेला.

"ओढून बघितली असतीस," हे म्हणाले. "आणि म्हणाली असतीस, चांगली आहे की."

मी तेच म्हणाले असते.

ते सांगत होते ते मी खाली बघून ऐकत होते. लोकल घातली तेव्हा वाटलं, लोकल म्हणून जड. भारीतली घातली, तेव्हा वाटलं, ही पण लोकलच. मग एक दिवस ताराक्काच्या गाईत डावा हात घातला आणि बोटांना काहीच लागेना. तोंड कुठं आहे, पिशवी कुठं आहे, काही नाही. नुसती ऊब, आणि तीही अर्ध्या हाताला. गाय मुकाट उभी होती, ताराक्का देवाचं नाव घेत होती, आणि हे आत हात घालून खोटं खोटं चाचपत उभे राहिले, मग उजव्यानं कसंबसं उरकलं. त्या दिवशी कळलं. पण कंपनीची केबल यायची होती ना अजून.

"ती येईपर्यंत तरी दोष केबलीचाच होता," हे म्हणाले.

म्हणून नाही म्हटलं की चेहरा उजळायचा. मी त्यांचा हात उचलला. वजनाला नेहमीएवढाच होता. बोटं माझ्या बोटांत अडकवली आणि म्हटलं दाबा. त्यांनी दाबली असावीत.

"उद्या मिरजेला जाऊ," मी म्हटलं. "मोठ्या डॉक्टरला दाखवू."

"गाईचं कोण बघंल? ताराक्काची परत फिरलीय."

"हेरवाडच्या गड्याला मी आत्ताच फोन करते."

त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात माझ्या बोटांतून सोडवून घेतला.

मिरजेत मानेच्या मणक्यात दबलेली नस निघाली. ऑपरेशन झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, पण थोडं परत येईल. थोडं आलं. बटणं लागतात, बरणी धरता येते. गाईत पुन्हा हात घातला नाही. आता हे माझ्यासोबत काउंटरला बसतात. कुणी कंपनीचीच केबल मागितली, तर त्याला आधी माझी लोकल ओढून दाखवतात, उजव्या हातानं. पुण्याहून आलेली ती ओरिजनल खालच्या खणात पडून आहे. मी परत पाठवली नाही आणि विकलीही नाही.

पण मला सांगायचंय ते मिरजेला जातानाचं. एसटीनं जाऊ म्हणाले, तर मी ऐकलं नाही. गाडी मी काढली. एवढी वर्षं मैदानात आणि स्टँडवर फिरवली होती, मोठ्या रस्त्यावर कधी नाही. पदर खोचून पुढं मी बसले आणि मागं, जिथं नायट्रोजनचं भांडं बांधायचे तिथं, हे. स्टँडवरून जाताना बाळगोंडा उठून उभा राहिला. यांनी मान खाली घातली. मी मोठ्यानं सांगितलं, केबलची ट्रायल घ्यायला चाललोय.

अर्जुनवाडच्या पुलाआधी उसाचा ट्रॅक्टर पुढं लागला. मागं दोन ट्रेलर, वाकडेतिकडे हलणारे. ओलांडता येईना. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. क्लच सारखा दाबायचा आणि सोडायचा. ऊस ट्रेलरमधून रस्त्यावर पडत होता, आणि मागं कोण कोण हॉर्न वाजवत होतं. यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. तो किती जोरानं धरलाय हे मला समजत नव्हतं, आणि त्यांनाही समजत नसणार.

पुलाच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबलाच. मी क्लच दाबून धरला आणि पाय टेकले. कानाशी त्यांचा आवाज आला, जरा चाचरतच.

"जड लागतोय काय गं?"

दांडा माझ्या दोन बोटांत होता. लोण्यासारखा.

"जड आहे," मी म्हटलं. "लई जड आहे. बोटं वळली माझी."

मग माझ्या खांद्यावरचा हात जरासा हलला.

"मग?" हे म्हणाले. "मी काय सांगालतो एवढे दिवस?"